नाणेघाट खालून चढून गेलोय का कोणी? (वैशाखरे ते घाटघर, जुनी वाट)

रानजाई
११ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. गेल्या रविवारी मी, बाबा आणि माझी लेक असे तिघं नाणेघाट खालून चढलो. बाबा ६८ वर्षांचे, लेक नववीत. मी स्वतः आत्तापर्यंत तीनदा नाणेघाटात गेलेय पण तिन्ही वेळा जुन्नरकडून गाडीने, म्हणजे घाटघरच्या पठारावर गाडी लावायची, नानाचा अंगठा (कड्याचं अंगठ्यासारखं टोक) बघायचा, खिंडीतून चार पायऱ्या उतरून लेणं बघायचं आणि परत. त्यामुळे आपण नाणेघाट बघितलाय असं मला ठामपणे वाटत होतं. या वेळी कळलं की मी फक्त घाटाचं वरचं टोक बघितलं होतं, घाट बघितलाच नव्हता.

बाबांची फार वर्षांची इच्छा होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं, की घाट हा चढायचा असतो, माल घेऊन माणूस खालून वर यायचा, मग आपण वरून उतरून बघितलं तर त्या माणसाला काय वाटत असेल ते आपल्याला कसं कळणार.

कल्याणहून एसटीने निघालो. मुरबाड, टोकावडे, मग वैशाखरे. गाव मागे टाकलं की थोडं पुढे उजव्या हाताला नाणेघाटाचा फाटा आहे, कंडक्टरला आधीच सांगून ठेवायचं, ते बरोबर उतरवतात. उतरलो तेव्हा सव्वासात झाले होते आणि चांगली थंडी होती. समोर सगळी भिंत उभी, डावी-उजवीकडे कितीही लांब बघा, भिंतच. आणि त्या भिंतीत एक खाच, तिच्याशेजारी नानाचा अंगठा. लेक म्हणाली आई आपण तिथे जायचंय?? मी हो म्हणाले खरं पण बाबांच्या गुडघ्यांकडे बघून माझ्याच पोटात गोळा आला होता.

सुरुवातीचा टप्पा सोपा आहे, शेतं, मग विरळ झाडी. साग आणि ऐन जास्त. जानेवारीत सागाची वाळकी पानं इतकी पडलेली असतात की आपल्याच पावलांचा आवाज खूप मोठा वाटतो, थांबलं की एकदम शांत. हळद्या दिसला दोनदा. पुढे एक कोरडा ओढा लागतो, तो ओलांडला की जंगल दाट होतं आणि वाट चढायला लागते. इथून पुढे कारवीची झुडपं दोन्ही बाजूंना, मधून वाट. ऊन खालपर्यंत येतच नाही, त्यामुळे चढ असूनही त्रास होत नाही.

बाबा हळू चालत होते. सुरुवातीला मी सारखी मागे वळून बघत होते, मग त्यांनीच सांगितलं की तू पुढे बघून चाल, मी माझ्या चालीने येतो. आणि मग आम्हीच त्यांच्या चालीने चालायला लागलो. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ट्रेकिंग ग्रुपबरोबर धावत चढलं की ही वाट फक्त दमवते. हळू चढलं की दिसायला लागतं की वाट किती विचार करून काढलीय. जिथे सरळ वर गेली असती तर बैलाला झेपलं नसतं तिथे ती वळण घेते. मोठे दगड लावून घेतलेत, काही ठिकाणी फरसबंदी अजून शाबूत आहे. वरच्या टप्प्यात कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, हजारो पावलांनी त्यांच्या कडा गोल झाल्यात. लेकीने एका पायरीवर हात ठेवला आणि म्हणाली ही मधे खोल आहे, वाटीसारखी. तिथे आम्ही जरा बसलोच.

वर पोचायच्या थोडं आधी कातळात पाण्याची टाकी आहेत. एक नाही, बरीच. तोवर आमच्या बाटल्या अर्ध्याहून जास्त रिकाम्या झाल्या होत्या आणि बाबा म्हणाले बघ, ज्याने हे टाकं इथे खोदलं त्याला माहीत होतं की माणूस इथे येईपर्यंत तहानलेला असणार.

आणि मग लेणं. मी तीनदा आत गेलेय पण वरून दोन मिनिटांत उतरून गेलं की ती फक्त एक खोली वाटते, आत भिंतीवर काहीतरी लिहिलेलं. तीन तास चढून, घाम गाळून आत शिरल्यावर तीच खोली घरासारखी वाटली. गार, तिन्ही बाजूंना बसायला दगडी ओटा. आम्ही तिथे पाऊण तास बसून राहिलो, कोणीच काही बोललं नाही.

एकच गोष्ट मनाला फार लागली. ब्राह्मी अक्षरांपासून वीतभर अंतरावर खडूने आणि दगडाने नावं कोरलेली आहेत. बदाम काढलेत. वर घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात चिप्सची पाकिटं होती. बाबांनी ती काढून आमच्या पिशवीत भरली.

मला विचारायचंय ते असं:
१) त्या लेखात नक्की काय लिहिलंय, सोप्या भाषेत कोणी सांगेल का?
२) रांजणात जकातीची नाणी टाकायचे हे खरं आहे का?
३) अशाच जुन्या, अजून चालत्या असलेल्या वाटा अजून कोणत्या? बाबांना घेऊन जाता येईल अशा.

---

पायवाट
११ जानेवारी, रात्री ११:१५

वा! बाबांना नमस्कार सांग. मी २००९ पासून घाटवाटा करतोय, नाणेघाट खालून सहा-सात वेळा झालाय. हळू चालण्याबद्दल जे लिहिलंयस ते अगदी पटलं. वाचनखुणेत साठवलं.

---

सुधाकाकू
१२ जानेवारी, सकाळी ७:०५

रानजाई, छान लिहिलंस गं. आमचं लग्न झालं त्या वर्षी आम्ही गेलो होतो, तेव्हा वर डांबरी रस्ता नव्हता. बाबांनी गुडघ्यांना पट्टे बांधले होते का? उतरताना त्रास जास्त होतो. तुम्ही उतरलात की जुन्नरकडे गेलात?

---

रानजाई
१२ जानेवारी, सकाळी ९:३०

काकू, उतरलो नाही. घाटघरला जेवलो आणि जुन्नरची जीप मिळाली. हो, पट्टे होते, आणि दोन काठ्या. काठीने खूप फरक पडतो.

---

ब्राह्मी_शिकतोय
१२ जानेवारी, दुपारी १:५०

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. मी गेली चार वर्षं ब्राह्मी लिपी शिकतोय, नाणेघाटाचा लेख हा माझा अत्यंत जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे जरा लांबेल.

लेण्यात दोन प्रकारचं लिखाण आहे. समोरच्या म्हणजे मागच्या भिंतीवर पूर्वी पुतळे कोरलेले होते, आता फक्त पावलांच्या खुणा राहिल्यात. पण त्या पुतळ्यांच्या डोक्यावर कोरलेली नावं वाचता येतात. पहिलं नाव आहे राया सिमुक सातवाहनो सिरिमातो. म्हणजे सातवाहन घराण्याचा मूळ पुरुष. मग देवी नायनिका आणि राजा सिरि सातकणि, म्हणजे आपण जिला नागनिका म्हणतो ती आणि तिचा नवरा. कुमार भाय. महारठि त्रनकयिरो, हा नागनिकेचा बाप. कुमार हकुसिरि आणि कुमार सातवाहन. हे म्हणजे राजघराण्याचं एक कुटुंबचित्रच होतं आणि ते राजवाड्यात नव्हतं, व्यापारी रस्त्यावर होतं, जिथे रोज शेकडो माणसं येऊन टेकत असतील. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

दुसरा, मोठा लेख डाव्या आणि उजव्या भिंतीवर आहे. भाषा प्राकृत. त्याची सुरुवात नमनाने होते: धर्माला नमन, इंद्राला नमन, संकर्षण आणि वासुदेव यांना, चंद्र-सूर्यांना, आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना. संकर्षण-वासुदेव म्हणजे बलराम आणि कृष्ण. त्यांचा इतका जुना कोरीव उल्लेख महाराष्ट्रात आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पुढे यज्ञांची यादी येते. अग्न्याधेय, राजसूय, अश्वमेध (अश्वमेध दोनदा), आणि प्रत्येकाबरोबर दिलेली दक्षिणा. एका ठिकाणी १,७०० गाई आणि १० हत्ती, एका ठिकाणी १०,००१ गाई, एका ठिकाणी २४,४०० कार्षापण. कार्षापण म्हणजे तेव्हाचं नाणं. आणि नागनिकेबद्दल जे शब्द आहेत ते वाचताना मी दरवेळी थांबतो. मासोपवासिनी, म्हणजे महिना-महिना उपवास करणारी, आणि गहतापसा, घरातच तपस्विनीसारखी राहणारी. नवरा गेल्यानंतरची बाई, मुलं लहान, आणि तिचं नाव आजही भिंतीवर आहे.

काळाबद्दल अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत, साधारण इ.स.पू. दुसरं ते पहिलं शतक असं धरतात.

आकड्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. या लेखातले आकडे भारतात सापडलेल्या सर्वांत जुन्या अंकलेखनांपैकी आहेत. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. शून्य नाही, आपल्यासारखी स्थानाची किंमत नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं, आणि शंभराच्या चिन्हाला चार जोडलं की झाले चारशे. पुढच्या वेळी लेकीला हे दाखव, नववीच्या गणितापेक्षा जास्त आवडेल.

एकोणिसाव्या शतकात विल्यम साइक्स यांनी या लेण्याची नोंद केली, मग भगवानलाल इंद्रजी यांनी लेखावर आणि अंकांवर मोठं काम केलं, आणि १८८३ साली ब्यूलर यांनी वाचन प्रसिद्ध केलं. त्यानंतर दगड झिजतच गेलाय. आज जाऊन बघितलं तर काही ओळी जवळजवळ गेल्यात. म्हणून खडूवाल्यांचा राग येतो. ते नाव लिहितात तिथे एखादं अक्षर असतं आणि ते परत मिळणार नसतं. हात लावू नका, पाणी मारून फोटो काढू नका, पावडर तर अजिबात लावू नका. सकाळचं तिरपं ऊन नसेल तर मोबाईलचा टॉर्च एका बाजूने धरा, अक्षर आपोआप उठून दिसतं.

---

वल्कल
१२ जानेवारी, दुपारी ३:२०

जबरदस्त माहिती. पण मग रांजणाचं काय?

---

ब्राह्मी_शिकतोय
१२ जानेवारी, सायंकाळी ५:००

रांजणाबद्दल लेखात एक अक्षर नाही. रांजणावर काही कोरलेलं नाही. घाटाचं नाव नाण्यावरून आणि रांजण जकातीचा, अशी समजूत लोकांच्या तोंडी पक्की आहे, आणि व्यापारी घाटावर जकात घेतली जात असणार हे पटण्यासारखंच आहे. पण या दगडी रांजणातच नाणी पडायची असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. घाटाच्या माथ्यावर चढून आलेल्यांना प्यायला पाणी भरून ठेवत असतील हीसुद्धा शक्यता मला तितकीच खरी वाटते.

---

पायवाट
१२ जानेवारी, सायंकाळी ६:१०

इथे मी असहमत आहे. घाटमाथ्यावर टाक्यांमध्ये पाणी असताना वेगळा रांजण पाण्यासाठी कशाला कोरतील? एवढा मोठा दगड पोकळ करायला किती दिवस लागले असतील. शिवाय जागा बघा, खिंडीतून बाहेर आलं की लगेच, कोणालाही टाळून जाता येणार नाही अशी. आमच्या भागात पिढ्यानपिढ्या जकातीचा रांजण म्हणतात. लोकांच्या आठवणीलाही काही किंमत द्यायला हवी.

---

ब्राह्मी_शिकतोय
१२ जानेवारी, सायंकाळी ६:४५

किंमत आहेच, मान्य. जागेचा मुद्दा चांगला आहे, त्यावर मी असा विचार केला नव्हता. मी फक्त एवढंच म्हणतोय की दगड स्वतः काही सांगत नाही. तिथे जकात होती हे मी नाकारत नाही.

---

घाटघरचा_पोरगा
१३ जानेवारी, रात्री ९:२५

ताई तुमचा धागा कोणीतरी पाठवला म्हणून आयडी काढला. मी घाटघरचाच, आता नोकरीसाठी चाकणला असतो. सगळ्यांनी चांगलं लिहिलंय पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितो, शुद्धलेखन चुकलं तर समजून घ्या.

तुम्ही सगळे या वाटेला जुनी वाट म्हणता. आमच्यासाठी ती जुनी नव्हती, ती वाट होती. माझी आजी २००० च्या आसपासपर्यंत घाट उतरून खाली जायची. आम्ही खालच्या भागाला कोकण म्हणतो. आजी पहाटे तीन-साडेतीनला निघायची, डोक्यावर पाटी, पाटीत हिरडा नाहीतर वरई नाहीतर गावठी वालाच्या शेंगा, जे त्या दिवसात असेल ते. खाली बाजार करायची आणि येताना मीठ आणि सुकं आणायची, म्हणजे सुकट, बोंबील. वर्षाचं मीठ तिने डोक्यावरून वर आणलंय. तिला विचारलं तुला सातवाहन माहीत आहेत का तर ती म्हणायची नाही रे बाबा, पण त्या गुफेत पाऊस आला की थांबतो आम्ही, तिथे गार असतं आणि सुकं भिजत नाही.

माझी आत्या खाली दिलेली आहे. तिच्या लग्नात वऱ्हाड घाटाने उतरलं. नवरी चालत, आम्ही पोरं पुढे पळत, वाजंत्री खालून अर्ध्या घाटापर्यंत सामोरी आली होती. आजही आत्या माहेरी येते ती बऱ्याचदा घाटानेच येते कारण गाडीने माळशेज फिरून यायला आख्खा दिवस जातो, पायाने तीन तास.

आम्ही महादेव कोळी. आमच्या डोंगरात हिरड्याची झाडं खूप होती. उन्हाळ्याच्या तोंडाला बाळहिरडा गोळा करायचा, वाळवायचा, विकायचा, शाळेच्या वह्या त्यावरच यायच्या. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं त्यात बरीच झाडं मोडली. ती म्हातारी झाडं होती, एका रात्रीत गेली. नवीन लावली तरी हिरडा लागायला किती वर्षं जातील.

वाट चांगली राहते कारण लोक चालतात. दर पावसाळ्यानंतर आमच्या गावची आणि खालची माणसं कारवी तोडून वाट मोकळी करायची. आता रस्ता झाला, जीप झाली, तेवढं कोणी जात नाही. मधल्या टप्प्यात दोन ठिकाणी वाट घसरलीय ती तुम्ही बघितली असेल. म्हणून तुम्ही बाबांना घेऊन चढलात हे वाचून मला खूप बरं वाटलं. आजी असती तर तिला वाचून दाखवलं असतं.

---

सुधाकाकू
१३ जानेवारी, रात्री १०:०२

पोरा, डोळ्यात पाणी आलं रे. तुझ्या आजीचं लिहून ठेव. सगळं लिहून ठेव.

---

लीड्सकर
१४ जानेवारी, पहाटे ३:३०

घाटघरच्या पोराने जे लिहिलंय ते या धाग्यातलं सगळ्यात मोलाचं आहे.

मी गेली ११ वर्षं इंग्लंडमध्ये आहे. इथे शेतातून, खाजगी जमिनीतून जाणाऱ्या जुन्या पायवाटांवर चालायचा लोकांना कायदेशीर हक्क असतो. कौन्सिलकडे त्यांचा अधिकृत नकाशा असतो, आणि दुकानात मिळणाऱ्या चालण्याच्या नकाशावर अशा वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. शेतकरी वाट बंद करू शकत नाही. रविवारी म्हातारी माणसं काठ्या घेऊन त्या वाटांवर चालताना दिसली की मला दरवेळी आपले घाट आठवतात, कारण आपल्या वाटा इथल्यापेक्षा कितीतरी जुन्या आहेत आणि त्यांची नोंद माणसांच्या डोक्यात आहे. ती माणसं गेली की नोंद गेली. फोनमध्ये जीपीएस चालू करून चालत गेलं तरी वाटेची रेघ जतन होते. कृपया प्रत्येकाने हे करा आणि वाटेवरच्या जागांची स्थानिक नावं त्याच्याबरोबर लिहा. ओढ्याचं नाव, टेपाचं नाव, झाडाचं नाव. नकाशावर ही नावं कुठेच नाहीत.

---

वल्कल
१४ जानेवारी, सकाळी ११:१०

पावसाळ्यात जावं का हो? उलट्या धबधब्याचे व्हिडिओ बघून ऑफिसातले सगळे मागे लागलेत. खालून चढून वर धबधबा बघायचा असा प्लॅन आहे, २० जण.

---

पायवाट
१४ जानेवारी, दुपारी १२:३०

कळकळीने सांगतो, २० नवख्या लोकांना घेऊन जुलैत खालून चढू नका. ओढा भरलेला असतो आणि एका तासाच्या पावसात तो कमरेपर्यंत येतो, मग ना पुढे ना मागे. खोदीव पायऱ्यांवर शेवाळ असतं. दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोर एका मुलाचा पाय घसरून घोटा मोडला, त्याला खाली आणायला आम्हाला सहा तास लागले आणि ते सहा तास मी विसरणार नाही.

उलटा धबधबा म्हणजे काय तर पावसाळ्यात समुद्राकडून येणारा वारा या उभ्या भिंतीवर आपटतो, त्याला वर जाण्याशिवाय जागा नसते, आणि त्या जोरात कड्यावरून पडणारं पाणी परत वर उडतं. सुंदर आहे, बघावंच, पण वरून बघा आणि कड्याच्या टोकापासून लांब उभे राहा, कारण जो वारा पाणी उचलतो तो अचानक थांबतोसुद्धा. शनिवार-रविवारी वर इतक्या गाड्या असतात की गावातल्या माणसाला आजारी माणूस बाहेर काढता येत नाही. मधल्या वारी जा.

खालून चढायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. माणशी तीन लिटर पाणी. सहा-साडेसहाला चालायला लागा. कड्याच्या बाजूला आग्यामोहळं असतात, तिथे शेकोटी, धूर, परफ्यूम, मोठ्याने ओरडणं काही नको.

---

घाटघरचा_पोरगा
१४ जानेवारी, रात्री ८:४०

पायवाट दादांनी लिहिलंय ते खरं आहे. गेल्या पावसाळ्यात गाड्यांमुळे आमच्या शेजारच्या वहिनींना बाळंतपणासाठी नेताना दीड तास अडकायला झालं. या लोकांनो, जरूर या, पण रस्त्यात गाडी लावू नका. आणि घरून डबा आणू नका, गावात जेवा. पिठलं, भाकरी, ठेचा, भात मिळतो.

---

पायवाट
१५ जानेवारी, सकाळी ८:२०

रानजाईचा तिसरा प्रश्न राहिलाच. याच रांगेत नाणेघाटाच्या जवळ भोरांड्याचं दार आहे, ते बाबांसाठी नको, खडी नाळ आहे, म्हणजे डोंगरातली उभी अरुंद घळ. दाऱ्या घाट दुर्ग-ढाकोबाच्या बाजूला, तिथली वाट अजून गावकरी वापरतात, जंगल फार देखणं, पण लांब पल्ला आणि माहीतगार बरोबर हवाच. बाबांना घेऊन मी म्हणेन आधी जुन्नर करा. या घाटाने वर आलेला माल जुन्नरला जायचा आणि तिथून पैठणकडे, आणि खाली उतरलेला माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात. घाटाच्या पहाऱ्याला जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले उभे आहेत. जीवधनला तर तुम्ही पठारावरून समोर बघितलंच असेल, वानरलिंगी सुळका त्याच्याच टोकाला. शहाजीराजांनी निजामशाहीचा शेवटचा वारस मूर्तजा जीवधनच्या कैदेतून काढून पेमगिरीला गादीवर बसवला, तो हाच किल्ला.

---

ब्राह्मी_शिकतोय
१५ जानेवारी, सकाळी १०:००

जुन्नरला जाणारच असाल तर शिवनेरीच्या कड्यातली लेणी सोडू नका. तिथे एका यवनाचा, म्हणजे ग्रीक माणसाचा, लेख आहे, यवनस इरिलस गतान देयधम बे पोढियो. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दान दिल्या. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. समुद्रापलीकडच्या वंशाचा माणूस बहुधा याच घाटाने वर आला असेल, आणि इथे काय दान करावं असं त्याला वाटलं तर पाणी. रानजाईच्या बाबांनी टाक्यापाशी जे म्हटलं ते वाचल्यापासून मला हा लेख आठवतोय.

---

रानजाई
१५ जानेवारी, रात्री ११:२०

हे सगळं मी आज बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. पोढीचं वाचल्यावर ते गप्प बसले आणि मग म्हणाले, दोन पोढी, पुन्हा वाच. आजीचं वाचताना मलाच पुढे वाचता येईना.

घाटघरचा पोरगा, तुझ्या आत्या खालून कोणत्या दिवशी वर येतात? त्यांच्याबरोबर एकदा चालायला मिळालं तर? मला त्यांच्याकडून जागांची नावं लिहून घ्यायचीत, लीड्सकरांनी सांगितलं तशी.

---

घाटघरचा_पोरगा
१६ जानेवारी, सकाळी ६:५०

ताई, आत्याला फोन केला. ती म्हणाली येऊ दे की, त्यात काय. महाशिवरात्रीला ती माहेरी येते, कुकडेश्वराच्या जत्रेला.

---

रानजाई
२ मार्च, रात्री ९:१५

धागा वर काढतेय. जाऊन आलो. या वेळी बाबा, मी, लेक आणि ब्राह्मी_शिकतोय, आणि पुढे आत्याबाई. वय ६१, पायात साध्या स्लीपर, डोक्यावर बोचकं, आणि आमची थांबून-थांबून वाट बघायला लागत होती त्यांना.

पळस फुलला होता, खालचा सगळा टप्पा भगवा. पहाटे निघाल्याने लेण्यात आम्ही साडेनऊलाच होतो.

नावं लिहून घेतली, एकूण १९. ओढ्याला एक नाव, ओढ्यानंतरच्या चढाला वेगळं, मधल्या सपाटीला वेगळं, जिथे बैल टेकायचे तिथल्या मोठ्या आंब्यालासुद्धा नाव आहे. तो आंबा आम्ही जानेवारीत बघितला होता आणि नुसता सावलीला बसून पुढे निघालो होतो. सगळी नावं आणि जीपीएसची रेघ मी दुसऱ्या धाग्यात टाकतेय, कोणाला दुरुस्ती सुचली तर तिथे सांगा. दोन नावांच्या बाबतीत आत्याबाई आणि घाटघरच्या एका आजोबांचं एकमत झालं नाही, दोन्ही लिहिलीत.

लेण्यात त्या ओट्यावर बसल्या, बोचकं सोडलं आणि आम्हाला गूळ-शेंगदाणे दिले. ब्राह्मी_शिकतोय त्यांना टॉर्च धरून नागनिकेचं नाव दाखवत होता. त्यांनी नीट बघितलं आणि विचारलं, हिला किती पोरं होती?

---

घाटघरचा_पोरगा
२ मार्च, रात्री ९:४०

आत्याने मला काल फोन करून सांगितलं, तुझ्या ताईचे वडील चांगले चालले. आणि विचारत होती पुढच्या वेळी येताना कल्याणहून चांगले बोंबील आणाल का, आमच्या बाजारात आता तसे मिळत नाहीत.

---

रानजाई
२ मार्च, रात्री ९:५२

दोन किलो आणते म्हणून सांग. बाबा म्हणतायत पिशवी ते स्वतः उचलणार.